दीड दिवसाचा सेन्सर

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. त्यामुळे मधुमेहासाठी दंडावर लावलेला माझा पहिला साखर मोजायचा सेन्सर दीड दिवसात गेला, तेव्हा सासूबाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "आपल्या घराण्याची पद्धतच आहे," म्हणाल्या.

मला मात्र वाटलं. साडेचार हजारांची वस्तू, चौदा दिवस चालायची. म्हणजे दिवसाला सव्वातीनशे रुपये. स्वेटरच्या मोठ्या बटणाएवढी पांढरी चकती. दंडाच्या मागे लावताना 'खट्' असा आवाज होतो, सुई आत जाऊन परत येते आणि कातडीखाली जेमतेम पाच मिलिमीटरची केसासारखी तार राहते. पेशींच्या मधल्या पाण्यात किती साखर आहे ते ही तार मोजत बसते. फोन दंडाजवळ नेला की आकडा हजर. बोटं टोचून टोचून चाळणी झालेल्या माणसाला हे म्हणजे स्वर्गच. (इन्सुलिनची सुई चुकत नाही, पण तिच्याशी आता घरोबा आहे.)

"लावा आणि विसरून जा," डॉक्टर म्हणाले. मी आज्ञाधारक. विसरले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर पडताना दंड चौकटीला घासला आणि चकती फरशीवर, तार वर करून, झुरळासारखी उताणी. एकदा निघालेला सेन्सर परत लावता येत नाही. बावीस वर्षं या घरात राहतेय, चौकट इतकी अरुंद आहे हे त्या दिवशी कळलं.

हेल्पलाइनवरचा मुलगा फार गोड बोलत होता. "मॅडम, सेन्सर आपोआप निघाला की काही आदळलं?"

"चौकट आदळली," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही चौकटीवर आदळलात," त्याने लिहून घेतलं. बदली मिळाली नाही.

दुसरा पाचव्या दिवशी गेला. डोंबिवलीहून सुटलेली लोकल, बायकांचा डबा, घाटकोपरला उतरणाऱ्या बाईंच्या पर्सचा पट्टा. बाई उतरल्या, सेन्सर त्यांच्याबरोबर निघाला. खिडकीतून हाक आली, "अहो, तुमचं कानातलं!" आणि चकती माझ्या हातात परत. माणुसकी अजून शिल्लक आहे, सेन्सर शिल्लक नव्हता. तिसरा भाचीच्या डोहाळजेवणाहून आल्यावर ब्लाउज काढताना बाहीबरोबर आला, सातव्या दिवशी.

दीड, पाच, सात. गणपतीच्याच क्रमाने चालले होते. आता मला चतुर्दशी गाठायची होती.

नवऱ्याने हे मनावर घेतलं, हेच मोठं संकट. इंजिनिअर माणूस. आधी फेविक्विक सुचवलं, मग विजेच्या तारांना गुंडाळतात ती काळी टेप आणली. शेवटी ओळखीच्या नर्सबाईंना विचारलं, तेव्हा माझी पापं बाहेर आली. मी आंघोळीनंतर अंगभर मॉइश्चरायझर चोपडायचे आणि त्यावर सेन्सर लावायचे. म्हणजे तेलकट तव्यावर स्टिकर. साध्या साबणाने धुवायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. या 'वाळू द्यायचं'वर माझं घोडं अडत होतं. दूध उतू जाईपर्यंत ज्या बाईला ओट्यापाशी उभं राहवत नाही, ती दंड वाळायची वाट काय बघणार? जागाही चुकत होती. दंडाच्या बाहेरच्या अंगाला नाही, मागे, जिथे शाळेत बाई चिमटा काढायच्या त्या मऊ भागावर. चौकट तिथपर्यंत पोचत नाही. वरून खेळाडू लावतात ती ताणणारी टेप, पण सेन्सरच्या मधोमध बारीक भोक असतं, ते झाकायचं नाही. नवऱ्याने वाटी ठेवून टेपचा गोल आखला आणि मध्ये खिडकी ठेवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या वस्तूसाठी एवढं नाजूक काम त्याने पहिल्यांदा केलं.

वसुबारसेला चौथा लावला. तासाभराने आकडे सुरू झाले. बोटांवर मोजलं, चौदा दिवस कार्तिकी एकादशीला भरत होते.

तिसऱ्याच दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे पाच वाजता सासूबाई पाटाशेजारी कोमट तिळाच्या तेलाची वाटी घेऊन बसलेल्या. "बस."

"आई, या वर्षी नको. तेलाने सेन्सर सुटतो."

"वर्षातून एक दिवस तेल लावायचं, तेही नको? नरकात जायचंय?"

साडेचार हजार गेले तर इथेच नरक, हे मी मनात म्हटलं. पण त्या ब्याऐंशी वर्षांच्या बोटांनी कमाल केली. आधी दंडावर कुंकवाएवढी उटण्याची टिंबं ठेवून सीमा आखली आणि मग सेन्सरभोवती चार बोटं सोडून बाकी अख्ख्या मला तेलात बुडवलं. एक थेंब हद्द ओलांडेना. मग कारीट फोडलं, मोती साबण झाला, फराळ झाला. फोनवरचा आलेख फटाक्याच्या बाणासारखा वर गेला, त्याबद्दल इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी पाहिलाय, तेवढं पुरे.

भाऊबिजेच्या रात्री तीनला पाणी प्यायला उठले आणि सवयीने फोन दंडाला लावला. चोपन्न! म्हणजे साखर फारच खाली. पोटात गोळा. नवऱ्याला हलवलं. तो अर्धवट झोपेत बेसनाचा लाडू घेऊन धावत आला. निम्मा लाडू तोंडात गेल्यावर आठवलं, आधी बोट टोचून बघायचं होतं. टोचलं. एकशे अडतीस. मी डाव्या कुशीवर, सेन्सरवरच झोपले होते. दंड अंगाखाली दाबला की तिथलं पाणी सरकतं आणि बिचारी तार समजते की साखर संपली. तेव्हापासून उजव्या कुशीवर झोपते. त्या बाजूला नवऱ्याचं घोरणं आहे, पण घोरण्याने साखर कमी दिसत नाही.

एकादशी उजाडली. साबुदाण्याच्या खिचडीने शेवटचा डोंगर उभा केला आणि फोनवर अक्षरं आली, सेन्सर संपला. पूर्ण चौदा दिवस! नवऱ्याने फोटो काढला. मी ऐटीत टेपचं टोक धरलं आणि ओढलं.

निघेना. पुन्हा ओढलं. दंड निघेल, सेन्सर निघणार नाही अशी अवस्था. नवरा खोलीतून पक्कड घेऊन येताना दिसला तेव्हा मी किंचाळले.

सासूबाई शांतपणे स्वयंपाकघरात गेल्या आणि अभ्यंगाचं उरलेलं तेल वाटीतून घेऊन आल्या. टेपच्या कडेने दोन थेंब सोडले, बोटाने चोळलं. पाच मिनिटांत चकती त्यांच्या तळहातावर.

"तेव्हाच सांगत होते," त्या म्हणाल्या, "तेल लाव."