पाच मिनिटांची तिजोरी: गन सेफविरोधी फॉरवर्डला उत्तर

ह्यूस्टनच्या आसपासच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले काही आठवडे एक लांबलचक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला, तिन्ही वेळा शेवटी जोडलेल्या हातांसकट. सार असं: घरात बंदूक घ्यायची तर घ्या, पण गन सेफवर, म्हणजे बंदूक ठेवायच्या तिजोरीवर, पैसे घालवू नका. चोर ती पाच मिनिटांत फोडतो. गरजेच्या वेळी ती आपल्यालाच उघडत नाही. मुलांना नीट शिकवलं की पुरे. आणि चांगली सेफ दोन हजार डॉलरच्या खाली मिळतच नाही. तेव्हा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, चोरीला गेलीच तर विमा आहे.

बंदूक घ्यावी की नाही हा वाद मी इथे उकरत नाही. माझ्याकडे एक पिस्तूल आणि एक शॉटगन आहे, तेव्हा उपदेश करायला मी मोकळा नाही. (एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र दुकानात जाण्याआधी वकिलाकडे जावं. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर केंद्रीय कायदा त्यांना बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.) ज्यांच्या घरात ती आलीच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुद्द्यांचा क्रम मात्र माझा.

"मुलांना शिकवलं की पुरे."

इथून सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांत चूक झाली तर बहुतेक वेळा पैसेच जातात, इथे जीव.

अटलांटामधल्या डॉक्टरांचा एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, त्यांचे छोटे छोटे २९ गट. प्रत्येक गटाला एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं. ड्रॉवरमध्ये खरीखुरी, पण निकामी केलेली हँडगन ठेवली होती. २१ गटांना ती सापडली, १६ गटांनी हाताळली आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांनी हात लावला त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं की बंदुकीबाबत काय करायचं हे त्यांना आधी शिकवलेलं होतं. म्हणजे शिकवणी झाली होती, धडाही पाठ होता.

दुसरी पाहणी २००६ ची, ग्रामीण अलाबामातली. तिथे पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं. "बंदूक कुठे असते ते आमच्या मुलाला ठाऊक नाही," असं ठासून सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांची मुलं म्हणाली, ठाऊक आहे की!

खरं तर हे शिकायला आपल्याला अलाबामापर्यंत जायची गरज नाही. गोदरेजच्या कपाटाची किल्ली कुठल्या साडीच्या घडीखाली असते, हे लहानपणी आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हतं? आईने लपवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा मला दर दिवाळीत दुसऱ्या दिवशी सापडायचा, आणि तोही वरच्याच कप्प्यात असायचा.

त्यात आपली घरं कशी आहेत ते बघा. सहा-सहा महिने आजी-आजोबा राहायला येतात, आणि आजी आवराआवर केल्याशिवाय राहत नाही. "वरच्या कप्प्यात काहीतरी जड होतं रे, खाली काढून ठेवलंय," हे वाक्य मला संध्याकाळी घरी आल्यावर ऐकायचं नाही. शनिवारी मुलांचे मित्र झोपायला येतात. त्यांना तर तुम्ही काहीच शिकवलेलं नसतं. टेक्ससचा कायदाही ऐकून ठेवा: निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, आणि "मी त्याला बजावलं होतं" हे त्यावरचं उत्तर नव्हे.

अजून एक गोष्ट आहे, जी अशा फॉरवर्डमध्ये कधीच नसते आणि आपल्या घरांत बोललीही जात नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली, त्यांतल्या सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. आपल्या ह्यूस्टनमध्येच झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वर्षांच्या लोकांना विचारलं होतं की विचार पक्का झाल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला. जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी सांगितलं, पाच मिनिटांहून कमी. ज्या पाच मिनिटांची फॉरवर्डवाला खिल्ली उडवतो, ती अशा वेळी फार मोठी असतात. म्हणून सेफच्या कुलपाचा आकडा मुलाचा वाढदिवस नको, लग्नाचा वाढदिवस नको. घरात कुणी खचलेलं दिसत असेल तर आकडा बदला, नाहीतर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवायची सोय बघा. काही गन शॉप आणि शूटिंग रेंज ती सांभाळायला घेतात. आणि ९८८ हा आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठीचा मदतीचा फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा, त्यात लाज कसली?

"गरजेच्या वेळी ती आपल्यालाच उघडत नाही."

या मुद्द्यात तथ्य आहे. रात्री दोन वाजता काच फुटल्याचा आवाज आला, तर गराजमधल्या मोठ्या सेफची चकती फिरवत बसायला कुणाला वेळ आहे? पण त्यावर उपाय म्हणून पिस्तूल उशीखाली ठेवायची नसते. हाताशी हवं ते हत्यार वेगळ्या छोट्या पेटीत ठेवायचं, बाकीची मोठ्या सेफमध्ये. एकाच सेफकडून झटपट उघडण्याचीही अपेक्षा करायची आणि चोराला तासभर दमवण्याचीही, इथेच बहुतेकांची खरेदी फसते.

छोट्या पेटीत माझा कौल पाच बटणांच्या यांत्रिक कुलपाला. बॅटरी नाही, वायर नाही. अंधारात बोटांना सवय झाली की दोन-तीन सेकंदांत उघडते. मी पहिला आठवडाभर टीव्ही बघताना रिकामी पेटी मांडीवर घेऊन उघडबंद करत बसायचो. बायकोने ती बाहेर फेकायची धमकी दिली तेव्हा थांबलो, पण तोवर बोटांना पाठ झालं होतं.

बोटाच्या ठशाच्या पेट्या दिसायला झकास. हात ओला असेल, घामेजलेला असेल, क्रीम लावलेलं असेल तर त्या रुसतात, हे एक वेळ चालेल. उलटं झालं तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सुमारे ६१ हजार अशा सेफ परत मागवल्याचं जाहीर केलं. मालकाला वाटायचं की आपला ठसा नोंदला गेला आहे, प्रत्यक्षात सेफ मूळ स्थितीतच असायची आणि कुणाच्याही बोटाने उघडायची. अशा एका सेफमधून मिळालेल्या बंदुकीने १२ वर्षांच्या मुलाचा जीव गेला, असा दावा न्यायालयात दाखल झालेला आहे. तशी पेटी घेतलीच असेल तर आज रिकामी करा, ठसा नोंदवा आणि मग शेजाऱ्याला चहाला बोलावून त्याचं बोट लावून बघा. पेटी उघडली तर चहा बाजूला ठेवा आणि ती दुकानात परत करा.

"चोर ती पाच मिनिटांत फोडतो."

हा पाच मिनिटांचा आकडा कुठून आला, तेही सांगतो. दुकानातल्या बऱ्याच सेफच्या दारावर यूएल या चाचणीसंस्थेचं 'आरएससी' असं लेबल असतं: रेसिडेन्शिअल सिक्युरिटी कंटेनर. त्याची मूळ पातळी अशी की एका माणसाने हातोडा, स्क्रूड्रायव्हर, कटावणी असली हातातली अवजारं घेऊन पाच मिनिटं प्रत्यक्ष झटायचं आणि तरी दार उघडता कामा नये. ती पाच मिनिटं तरबेज चाचणीवाल्याची, कशी फोडायची हे आधी ठरवून आलेल्याची. आपल्या घरात शिरलेला माणूस बेडरूमचे खण उपसून पळायच्या घाईत असतो. त्याला वरच्या कप्प्यातलं पिस्तूल मिळायला पाच सेकंद लागतात. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी मालकांकडून दहा लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याची नोंद आहे. त्या पुढे कुणाच्या हातात जातात याची कल्पना करा.

पत्रा बघताना एक गंमत लक्षात ठेवा: गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १४ गेज म्हणजे जेमतेम १.९ मिलिमीटर, १२ गेज २.७, १० गेज ३.४. विक्रेता दाराच्या जाडीबद्दल बोलत राहील, तुम्ही बाजूच्या पत्र्याचा गेज विचारा. दार जाड दिसतं ते बरेचदा आगीसाठी आत घातलेल्या जिप्समच्या थरामुळे. आणि '२४ बंदुकांची सेफ' म्हणजे दुर्बिणी न लावलेल्या २४ सडपातळ बंदुका, एकमेकींना चिकटवून. निम्म्याचा हिशेब धरा.

सेफ जमिनीत बोल्ट करणं हे पत्र्याहून महत्त्वाचं. मोकळी सेफ आडवी पाडली की कटावणीवर दोघांना सगळं वजन टाकता येतं, किंवा ती सरळ ढकलगाडीवरून जाते. कोपऱ्यात ठेवली आणि खाली बोल्ट केली तर कटावणी घालायलाच जागा उरत नाही.

पण इकडच्या लोकांनी इथे जरा थांबावं. ह्यूस्टन-डॅलसकडच्या कितीतरी घरांचा स्लॅब पोस्ट-टेन्शन असतो: काँक्रीटच्या पोटात प्रचंड ताण दिलेल्या पोलादी केबल. भोक पाडताना ड्रिल त्या केबलला लागलं तर स्लॅबचं नुकसान तर होतंच, ड्रिल धरणाराही जायबंदी होऊ शकतो. मी भाड्याने हॅमर ड्रिल आणून, गराजमध्ये खडूने चार खुणा करून तयार होतो. खडू झटकायला वाकलो तेव्हा दाराजवळच्या काँक्रीटवरचा शिक्का दिसला: स्लॅब कापू नका, भोक पाडू नका. त्या दिवशी ड्रिल तसंच परत गेलं. नंतर केबल शोधण्याचं यंत्र असलेल्या माणसाला बोलावून, तो दाखवेल तिथे, तो सांगेल तितकंच खोल भोक पाडलं.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तर भोक पाडताच येत नाही. तिथे पोलादी दोरखंडाने पलंगाच्या लोखंडी चौकटीला बांधलेली छोटी पेटी हाच मार्ग. वरच्या मजल्यावर तीन-चारशे किलोचं धूड चढवायच्या भानगडीत पडू नका.

"चांगली सेफ दोन हजारांच्या खाली मिळत नाही."

सुरुवात फुकटापासून होते. केंद्रीय कायद्याने दुकानदाराला हँडगनबरोबर कुलूप किंवा तसं साधन द्यावंच लागतं, आणि प्रोजेक्ट चाइल्डसेफ या उपक्रमातून अनेक पोलीस ठाण्यांत केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवून लावायचं तारेचं कुलूप, मोफत मिळतं. त्याने चोर थांबत नाही, लहान मूल थांबतं. यांत्रिक बटणांची बरी पेटी साधारण दीडशे-अडीचशे डॉलरला. लांब बंदुकांसाठी कुलपाचं पत्र्याचं कपाट त्याच भावात. आरएससी लेबलची सेफ हजाराच्या अलीकडे-पलीकडे. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून या सामानावर विक्रीकर नाही. पावतीवर लावलेला दिसला तर हटकून विचारा. एक पिस्तूल आणि घरात दोन मुलं, असं असेल तर दोनशेची पेटी दोन हजारांच्या सेफहून कामाची, कारण ती रोज वापरली जाते.

दोन हजारांतले बरेच पैसे आगीच्या दाव्याला जातात. आत जिप्सम बोर्ड असतो, तापला की त्यातलं पाणी वाफ होऊन उष्णता खातं. पण सगळ्या कंपन्यांची चाचणी एकसारखी नसते, काही आपल्याच पद्धतीने मोजून लेबल लावतात. आणि आग सोसते म्हणून ती पाणी सोसते असंही नाही. हार्वे वादळातला पूर आठवतो ना? आमच्याकडच्या दमट हवेत बंद पेटीत गंज धरतो तो वेगळाच. सिलिका जेलच्या पिशव्या किंवा आत लावायची ऊब देणारी छोटी कांडी घ्या.

आपल्या लोकांची अजून एक सवय: सेफ आली की त्यात पासपोर्ट, सोनं, घराचे कागद. मग आकडा सगळ्यांनाच लागतो. आजीला मंगळसूत्र हवं, मुलीला पासपोर्ट हवा, आणि महिन्याभरात त्या सेफची गोदरेज होते. कागदांची पेटी वेगळी घ्या. आगीचा दावा बघायचा तो तिथे.

"चोरीला गेली तर विमा आहे."

घराच्या नेहमीच्या पॉलिसीत चोरीला गेलेल्या बंदुकांसाठी वेगळी कमाल मर्यादा असते, बरेचदा अडीच हजार डॉलर, सगळ्या मिळून. भरपाई मागायला बंदुकीचा अनुक्रमांक लागतो, पोलिसांनाही तोच लागतो. तो लिहिलेला कागद सेफमध्ये ठेवू नका.