ओटा, टाइल आणि ओकची मर्जी

स्वयंपाकघराच्या कामात जे बदलायचं ठरतं त्याचा त्रास होतोच, पण जे बदलायचं नाही असं ठरतं ते जास्त छळतं. आमच्याकडे कपाटं बदलायची नाहीत असं ठरलं. भरीव ओकच्या लाकडाची कपाटं. दारं अजून नीट लागतात, ड्रॉवर ओढला तर मूठ हातात येत नाही, आणि सुतारकाकांनी टकटक वाजवून बघत "ही काढलीत तर पाप लागेल" असा निकाल दिला. पापाला आम्ही भितो, खर्चाला त्याहून जास्त. मग उरलं काय, तर ओटा आणि ओट्यामागची टाइल. दोनच गोष्टी! "शनिवारी सकाळी जाऊ, पसंत करू, दुपारी झोपायला घरी," असं नवरा म्हणाला. हे त्याचं वाक्य मी त्याला नंतर वेळोवेळी ऐकवलेलं आहे.

घरात एखादं मोठं माणूस असतं. ते कुणाला काही बोलत नाही, पण त्याच्यामुळे टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा लागतो. ओकचं तसं आहे. झाड हंगामाच्या सुरुवातीला झपाट्याने वाढतं तेव्हा लाकडात मोठी छिद्रं पडतात, पुढे वाढ दाट होते, आणि फळी कापली की तिच्यावर एकात एक शिरलेल्या कमानी उमटतात. आमच्या प्रत्येक दारावर अशा कमानी आहेत आणि एका दाराच्या दुसऱ्यासारख्या नाहीत. रंगाबद्दल घरात एकमत नाही. मी मधाळ म्हणते, नवरा सोनेरी म्हणतो, नणंद केशरी म्हणते आणि म्हणताना नाक मुरडते. १९८० आणि ९०च्या दशकांत या सोनेरी पॉलिशची फार चलती होती. तेलाचं पॉलिश वर्षं जातील तसं पिवळं पडत जातं, त्यामुळे समोर दिसणाऱ्या रंगात लाकूड किती, पॉलिश किती आणि आमच्या स्वयंपाकाचा धूर किती, हे सांगणं अवघड.

त्यात ओकच्याही दोन जाती निघाल्या. रेड ओकला गुलाबी झाक असते, व्हाइट ओक तपकिरी-मातकट. झाक कोणती ते कळल्याशिवाय दगड बघायचा नाही, असं कुठेतरी वाचून नवऱ्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. सिंकखालची एक पट्टी नाहीतरी बदलायची होती. तिचा बोटभर तुकडा कापला, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून हा फुंकू लागला. गाल फुगले, कान लाल झाले, चष्मा घसरून ओठावर आला, आणि वाटीत खरोखरच बारीक बारीक बुडबुडे उठले. रेड ओक! त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तर दारू मुरवायची पिंपं व्हाइट ओकची करतात. या शोधाचा त्याला इतका आनंद झाला, की पुढे घरी येईल त्याला तो प्रयोग करून दाखवू लागला. लाकडात फुंकणारा यजमान बघून पाहुणे फार वेळ बसत नाहीत, हा एक फायदा झाला.

जात कळली, पण दगड काही ठरेना. नणंदेचं मत होतं, "डोळे मिटून पांढरं टाक." मी डोळे उघडे ठेवून पांढऱ्या क्वार्ट्झच्या लादीचा नमुना घरी आणला. दुकानात तो दुधी होता. कपाटाखाली ठेवला आणि तो निळसर झाला. आणि कपाटं? ती जास्तच केशरी. नमुना उचलला की कपाटं मधाळ, ठेवला की केशरी. उचल, ठेव, उचल, ठेव. मुलगी म्हणाली, "आई, बास."

मला वाटलं माझेच डोळे थकले. पण ही तक्रार जुनी आहे. शेव्हरल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. गोबलँच्या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात रंगाईचं खातं त्यांच्याकडे होतं. तिथे बोंब झाली की काळा रंग नीट चढत नाही, मरगळलेला दिसतो. त्यांनी रंग तपासला, त्यात काहीच खोट नव्हती. खोट शेजाऱ्यांत होती. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो; काळा बिचारा निळ्या-जांभळ्यांच्या संगतीत बदनाम झाला होता. यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. शेव्हरल १०२ वर्षं जगले. स्वयंपाकघराचं काम त्यांनी काढलेलं नसणार.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. ओट्याचा रंग आवडतो का, हा प्रश्नच नव्हता. कपाटांना कोण शेजारी चालेल, एवढंच बघायचं होतं. नवऱ्याला हे पटायला एक निळी टाइल लागली. गडद निळी, चकचकीत, हातात घेतली की खरंच सुंदर. त्याने ती मोठ्या प्रेमाने ओट्यामागे टेकवून ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. रंगचक्रात निळा म्हणजे केशरीच्या बरोबर समोरचा रंग. कपाटं पेटलीच. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "परत करायची मुदत कधीपर्यंत आहे?"

दगडाचं दुकान ही निराळी दुनिया आहे. माणसापेक्षा उंच लाद्या रांगेने उभ्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत आपण एकमेकांना हरवत असतो. सेल्समन मोठा हसतमुख. कुठल्याही दगडाकडे बघितलं की म्हणायचा, "मॅडम, सध्या हेच चालतंय." न चालणारा दगड त्या दुकानात नव्हताच.

"हे क्वार्ट्झ का?" मी विचारलं.

"नाही मॅडम, क्वार्ट्झाइट."

"आणि ते पलीकडचं?"

"ते क्वार्ट्झ."

"फरक काय?"

"काही नाही, फिनिशिंगचा."

फरक फिनिशिंगचा नाही, जन्माचा आहे. क्वार्ट्झाइट खाणीतून येतं. वाळूचा खडक जमिनीखाली दाबून-तापून तयार झालेला. क्वार्ट्झची लादी कारखान्यात होते: वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा, बाकी तो चुरा धरून ठेवणारं चिकट रेझिन आणि रंग. रेझिनमुळे डाग फारसे पडत नाहीत, पण त्याच रेझिनमुळे गॅसवरचं तापलेलं भांडं थेट टेकवायचं नाही. आणि क्वार्ट्झाइट म्हणून दाखवलेला दगड कधीकधी चक्क संगमरवर निघतो. ओळखायची युक्ती सोपी: खऱ्या क्वार्ट्झाइटने काचेवर ओरखडा उठतो, संगमरवराने नाही. मी नमुन्याचा कोपरा हातात धरून आजूबाजूला काच शोधू लागले, तेव्हा सेल्समनने हसत हसत पण चपळाईने स्वतःच्या टेबलावर आडवा हात टाकला.

संगमरवरावर माझा जीव जडला होता, हे कबूल करते. पांढऱ्यावर राखाडी शिरा, मध्येच एक मधाळ शीर, थेट आमच्या कपाटांशी बोलणारी. नमुना घरी आणला, लिंबाची फोड त्यावर ठेवली आणि काही वेळाने उचलली. फोडीच्या आकाराचा मंद, निस्तेज ठसा. पुसून जाईना, कारण तो डाग नव्हताच; आम्लाने तेवढा दगड खाल्ला होता. "सीलर मारून देतो," असं दुकानातून सांगण्यात आलं. सीलर डाग मुरू देत नाही, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. काही लोक या ठशांना दगडाचं वय म्हणतात आणि आनंदाने राहतात. आमच्या सासूबाईंनी नमुना उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "मग याच्यावर करायचं काय? नमस्कार?" संगमरवर तिथेच संपला.

क्वार्ट्झबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ही लादी कोरडी कापली की सिलिकाची, म्हणजे वाळूत असतं त्याच खनिजाची, बारीक धूळ उडते, आणि ती कापणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात कायमची बसते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. तेव्हा दगड कुठलाही घ्या, ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, पण कापताना पाणी सोडता का, मास्क देता का, हे विचारा. मी विचारलं तेव्हा सेल्समन पहिल्यांदाच हसायचा थांबला आणि आत जाऊन कुणाला तरी विचारून आला.

ग्रॅनाइट कणखर, पण ठिपकेदार ग्रॅनाइट आमच्या कपाटांखाली ठेवला की वर कमानी, खाली ठिपके, आणि बघणाऱ्याने नजर कुठे टेकवावी हा प्रश्न. ओकच्या रेषांना शांत शेजारी लागतो. हा नियम मी कुणालाही बेधडक सांगेन: लाकूड बोलकं असेल तर दगड अबोल घ्या.

मग नमुने घरात राहायला आले. ओट्याचा नमुना आडवा ठेवून बघायचा आणि टाइलचा उभा, कारण दोघांवर प्रकाश सारखा पडत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही, तिथे सगळंच उभं असतं. शिवाय तळहाताएवढ्या तुकड्यावर शीर येतच नाही, ती येते थेट लादीवर, आणि मग नेमकी सिंकच्या भोकात जाते. सकाळी एक रंग, दुपारी दुसरा, रात्री दिवा लावला की तिसराच. आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवे निघाले, एक २७०० केल्व्हिनचा पिवळा आणि एक ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप). एकाखाली जुळलेली जोडी दुसऱ्याखाली भांडायची. रात्री उशिरा पाणी प्यायला उठले तर नवरा अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून ओट्याशी वाकलेला. चोर असता तर बरं, असं क्षणभर वाटलं. चोराने मत विचारलं नसतं.

शेवटी ओट्यासाठी काळा दगड ठरला. चकचकीत नाही, होन्ड, म्हणजे पॉलिश न चढवता मंद ठेवलेला. दुकानदार त्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात. भूगर्भशास्त्रज्ञाला विचारलं तर तो बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट म्हणेल, पण ओट्याला त्याने काही फरक पडत नाही. त्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघितला, मुरला नाही. लिंबू ठेवलं, ठसा नाही. सासूबाईंनी पालथी मूठ आपटून बघितली आणि मान हलवली.

राहिली टाइल. ओटा आणि वरची कपाटं यांच्यामध्ये जागा असते साधारण अठरा इंचांची. या अठरा इंचांवरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी अख्ख्या घराच्या रंगावरून झाली नव्हती. ३ बाय ६ इंचांच्या साध्या आयताकृती टाइलला सगळे सबवे टाइल म्हणतात. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली तेव्हा स्टेशनच्या भिंतींना तशा टाइल लावल्या होत्या, पुसायला सोप्या म्हणून. रोज हजारो माणसं जाऊन-येऊन ज्या भिंती साफ राहिल्या, त्या आमच्या कुकरच्या शिट्टीलाही पुरतील असं मला वाटलं. आम्ही पांढरी नाही, सायीच्या रंगाची घेतली, किंचित खालीवर झिलई असलेली. टाइल ठरली म्हणून आम्ही सुस्कारा सोडला, तर टाइलवाल्याने खिशातून ग्राउटचं, म्हणजे टाइलमधल्या फटी भरायच्या लेपाचं, शेडकार्ड काढलं. राखाडीच्या इतक्या छटा असतात हे आभाळालाही माहीत नसेल. ओला ग्राउट गडद दिसतो, वाळला की फिकटतो, त्यामुळे काम चालू असताना मी "थांबा, थांबा!" ओरडले आणि तो न थांबता म्हणाला, "ताई, उद्या बघा." उद्या बघितलं, बरोबर होतं. दोन्ही दिवे काढून एकाच जातीचे ३००० केल्व्हिनचे लावले आणि विषय मिटवला.

काळ्या ओट्यावर मीठ सांडलं की लगेच दिसतं. आमच्याकडे पूर्वी मीठ सांडत नसे, अशी आमची समजूत होती.

परवा नणंद आली. पर्स न ठेवताच ती स्वयंपाकघरात गेली, वर बघितलं, खाली बघितलं, एका दारावरून हात फिरवला. काळ्याच्या शेजारी ओक चांगलंच उजळ दिसतं.

"अगं, कपाटं नवी केलीत?"

नवरा उठलाच. लाकडाची ती पट्टी कुठे ठेवली आहे ते त्याला बरोबर माहीत असतं. तो वाटीत पाणी घ्यायच्या आत मी म्हटलं, "हो, नवीच."