पवित्र म्हणजे सात

परवा एका ग्रुपवर एक जण स्लँगवर तुटून पडले होते, हे असले बाजारू शब्द साहित्यात आणून भाषेची वाट लावली वगैरे वगैरे. बाजारू म्हणाले ना, मग म्हटलं अस्सल बाजारातलाच शब्द दाखवतो.

पवित्र.

हसू नका. जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दुकानदार आणि दलाल ज्यात भाव ठरवायचे ती. केवली एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा आणि पवित्र सात. बाकीचे शब्द ऐकून निदान संशय तरी यावा, पण 'पवित्र' कानावर पडलं तर गिऱ्हाईक समजणार शेटजी देवाधर्माचं बोलतायत, आणि तेवढ्यात सौदा सातवर पटला पण!

आता नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. त्यांना विसोबा चाटी पण म्हणतात, चाटी म्हणजे कापडवाला, तेव्हा ही भाषा त्यांच्या जिभेवरच असणार. त्यांच्या नावावर एक अभंग आहे, सुरुवात बघा: 'मुळू वदनाचा उधानू नेत्रांचा, अंगळू हातांचा स्वामी माझा'. अंगळू म्हणजे दहा. पाच तोंडं, तीन डोळे, दहा हात, कोण ते तुम्हीच ओळखा. शंकराचं नाव न घेता नुसता आकडा लावलाय माणसानं.

पुढे येतं 'पवित्र तळवटी चरण ज्याचे'. ही ओळ मी कितीतरी वेळा पवित्र चरण अशीच वाचून पुढे गेलोय, कारण तशीही ती छान लागते, अडतच नाही कुठे. मग एकदा टाळकं ठिकाणावर आलं, अरे इथे सात! सप्तपाताळ! त्याचे पाय सात पाताळांच्या तळाशी आहेत. म्हणजे इतकी वर्षं समोर बसलेलं ते गिऱ्हाईक मीच. आणि खरी मजा ही की सात कळल्यावरही पहिला अर्थ जात नाही, दोन्ही तिथेच बसून राहतात. खाली टीपेत 'पवित्र = ७' छापलं की ती फसगतच मिळत नाही, म्हणून मला त्या टीपांचा राग येतो (इथे मी तेच केलंय, माहितीये).

शेवटी तर 'अवारू जोडून' शरण जातात. नुसतं दोन जोडून. हात हा शब्दच नाही, तरी हात दिसतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, "अहो पण ते संत होते."

बरं.