तीनशे ओहम, जुना रिसिव्हर आणि ‘काका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जुन्या रिसिव्हरला (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेल्या यंत्राला) जास्त इम्पीडन्सचे, म्हणजे विजेला जास्त विरोध करणारे, हेडफोन जोडण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. त्याबद्दल आभार मानण्याचा रिवाज आहे आणि तो मी पाळतो. आपण सुरुवात ‘काका’ या संबोधनाने केली आहे. मी पंचावन्नच्या पुढे गेलो असल्यामुळे त्या नात्याला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र अनोळखी माणसाला कोणी लेखी ‘काका’ म्हटले की पुढे आदर येणार आहे की उपदेश, हे पहिल्या ओळीतच कळते. येथे उपदेश आला.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय देतो. तीनशे ओहमचा (ओहम हे त्या विरोधाचे माप) हेडफोन जुन्या रिसिव्हरच्या जॅकला थेट लावावा, वेगळा ॲम्प (हेडफोनसाठीचा ॲम्प्लिफायर) घेण्याची घाई करू नये, हा माझा सल्ला आपल्याला दिशाभूल करणारा वाटतो. त्या जॅकमागे रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) असतो आणि त्यामुळे बास, म्हणजे खालचे सूर, फुगतो, असे आपले म्हणणे आहे. मी संवेदनशीलतेचे (ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचे) आकडे चुकीच्या एककात दिले, फोनविषयी आणि बॅलन्स्ड केबलविषयी (दोन्ही कानांसाठी पूर्ण वेगळ्या तारांच्या केबलविषयी) काहीच लिहिले नाही, हेही आपण नोंदवले आहे. आपण स्वतः वेगळा ॲम्प घेतल्यावर ‘पडदा बाजूला झाल्यासारखे’ वाटले, असेही सांगितले आहे. आणि शेवटी हे वाक्य : “सोलापूरसारख्या ठिकाणी चांगली उपकरणे ऐकायला मिळत नाहीत, त्यामुळे हाताशी आहे त्यालाच उत्तम म्हणण्याची सवय लागते, हे समजण्यासारखे आहे.”

आधी जे मान्य करायचे ते करून टाकतो. माझ्या तक्त्यात सेनहायझर एचडी ६०० (तोच तीनशे ओहमचा हेडफोन) पुढे ९७ आणि बायरडायनामिक डीटी ८८० या हेडफोनच्या ६०० ओहमच्या आवृत्तीपुढे ९६ असे आकडे शेजारीशेजारी आले होते. पहिला आकडा एका व्होल्टला मिळणाऱ्या डेसिबलचा, दुसरा एका मिलिवॅटला मिळणाऱ्या डेसिबलचा. दोन्ही एकाच रकान्यात घालणे म्हणजे शेर आणि किलो एकाच पारड्यात टाकणे झाले. ६०० ओहमच्या हेडफोनचे ते ९६ व्होल्टच्या हिशेबात आणले की ९८ च्या किंचित वर जातात, म्हणजे तक्त्यात जो एका डेसिबलने मागे दिसत होता तो या कागदावरच्या आकड्यांनुसार एका डेसिबलने पुढे आहे. तक्ता दुरुस्त केला आहे. लेखाचा निष्कर्ष त्याने तसूभरही हलत नाही.

आता सोलापूरकडे वळतो. ‘ऐकायला मिळत नाहीत’ याचे मला फारसे वाईट वाटले नाही, ‘समजण्यासारखे आहे’ याचे वाटले. चूक दाखवणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, पण समजून घेणाऱ्या माणसाशी काय बोलावे? म्हणून थोडे स्वतःविषयी लिहितो. आपण तशी वेळ आणली आहे.

१९८६ साली दहावीची परीक्षा संपली आणि मी मामांच्या नवी पेठेतील रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात बसू लागलो, तो पुढे बारा वर्षे बसलो. आखातात नोकरीला गेलेल्या लोकांनी आणलेले जपानी रिसिव्हर तेव्हा शहरात बरेच होते. त्यांतले काही शंभर किंवा एकशेवीस व्होल्टचे असत आणि आपल्या २३० व्होल्टवर चालवण्यासाठी त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागे. (तो ट्रान्सफॉर्मर रिसिव्हरला खेटून ठेवला की गुणगुण सुरू होते आणि गिऱ्हाईक ‘ॲम्प्लिफायर बिघडला’ म्हणून दुकानात येते, निम्मी दुरुस्ती तो दोन हात लांब सरकवण्याचीच असे.) या रिसिव्हरांची झाकणे मी किती वेळा उघडली ते मोजलेले नाही. हेडफोनच्या जॅकमागे प्रत्येक बाजूला एक याप्रमाणे दोन ‘रेझिस्टन्स’ बसवलेले असतात, मामा त्यांना तेच म्हणत, आणि ते कधी २२०, कधी ३३०, कधी ४७० ओहमचे असतात, हे मला कोणत्याही संकेतस्थळाने शिकवलेले नाही. किती ओहम ते सांगणारे त्यांच्यावरचे रंगपट्टे वाचून मी रंगांची सारणी पाठ केली.

ते रेझिस्टर तेथे का असतात, हेही मला एकदा महागात शिकायला मिळाले. हेडफोनवर आवाज कमी येतो अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ आले होते. मामा जेवायला गेले होते. मी सतरा वर्षांचा आणि स्वतःला शहाणा समजणारा; मी त्या दोन रेझिस्टरांवर तारेचा तुकडा टाकून ते बाद केले, आवाज मोठा झाला, गृहस्थ खूश होऊन गेले. त्यांचा हेडफोन त्या काळातला आठ ओहमचा होता. पन्नास वॅटचा रिसिव्हर आठ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात वीस व्होल्टपर्यंत देतो, आणि आता ते सगळे थेट कानावरच्या बोटभर कॉइलला मिळत होते. दुसऱ्या दिवशी ते जळालेला हेडफोन घेऊन परत आले. मामांनी मला सर्वांसमोर काही म्हटले नाही, फक्त भरपाई माझ्या महिन्याच्या पैशांतून कापली. तेव्हा जॅकमागे रेझिस्टर असतो, ही माहिती मला देण्याची तसदी आपण घेतली नसती तरी चालले असते.

आता त्याच रेझिस्टरचा हिशेब मांडतो, कारण आपण तो मांडलेला नाही. डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन आवृत्त्यांत निघाला आणि तिन्हींची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल अशीच दिली जाते. स्पीकरच्या टोकांवर एक व्होल्ट आहे आणि मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर आहे, असे धरा. ३२ ओहमच्या आवृत्तीच्या वाट्याला त्यातला अकरावा हिस्साच येतो आणि आवाज ९० डेसिबलच्या आसपास राहतो. २५० आणि ६०० या दोन्ही आवृत्त्या मात्र ९४ ते ९५ डेसिबल देतात. म्हणजे ‘चालवायला जड’ म्हणून ज्यांना सगळे घाबरतात तेच हेडफोन या जॅकवर साडेचार-पावणेपाच डेसिबल मोठे वाजतात, आणि ‘हलका’ मानलेला ३२ ओहमचा मागे पडतो. फोनच्या जॅकवर चित्र बरोबर उलटे होते, कारण तेथे रेझिस्टर नाही आणि व्होल्टही जेमतेम एकच. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच होता, की हे दोन जॅक वेगळे आहेत आणि फोनवरचा अनुभव रिसिव्हरला लावू नये. घरातल्या उपकरणांसाठी जास्त इम्पीडन्स ही एके काळी नेहमीचीच गोष्ट होती. १९६८ सालचा सेनहायझर एचडी ४१४ तर दोन हजार ओहमचा होता.

राहिला बास. तो ‘फुगतो’ असे आपण म्हणता, किती फुगतो ते म्हणत नाही. एचडी ६०० चा इम्पीडन्स नावाला ३०० ओहम असला तरी शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या घरात चढतो. मध्ये ३३० ओहम असतील तर त्या चढावर हेडफोनला साठ टक्के व्होल्टेज मिळते आणि इतरत्र अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या जवळपास. हा फरक दोन डेसिबलचा होतो. हेडफोन लावलेला ठेवून, शंभर आणि हजार हर्ट्झचे सूर वाजवून मी जॅकवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजले, तेव्हाही उत्तर पावणेदोन ते दोनच्या दरम्यान आले. दोन डेसिबल म्हणजे शून्य नव्हे, हे खरे. तबल्याचा डग्गा थोडा जास्त घुमतो. मला ते आवडते, आणि आवडते म्हणूनच मी लेखात ‘भरीव’ हा शब्द वापरला होता. ‘अचूक’ हा शब्द मी कोठेही वापरलेला नाही, कृपया पुन्हा पाहावे. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी रिसिव्हरच्या पुढच्या बाजूला बासची फिरकी दिलेली असते, ती किंचित डावीकडे वळवावी. याच जागी ३२ ओहमचा आणि इम्पीडन्स साठपर्यंत चढणारा हेडफोन असता तर फरक जवळजवळ पाच डेसिबलचा झाला असता, आणि तेव्हा आपले ‘फुगतो’ मी निमूट मान्य केले असते. उगमाचा, म्हणजे हेडफोन ज्या जॅकला लावतो त्याचा, इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा आपण ऐकवलेला ढोबळ नियम मला ठाऊक आहे. पण आयईसी या विद्युत उपकरणांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकात १९९६ साली खुद्द १२० ओहमचा उगम सुचवला होता, हे त्या नियमाच्या भक्तांना सहसा ठाऊक नसते. १२० ओहमवर हाच एचडी ६०० एक डेसिबलने चढतो. आपल्या नियमाने तर तोही बाद ठरेल.

सोलापूरचे वैगुण्य दाखवायचेच होते, तर आपण खरे वैगुण्य सोडून दिलेत. अशोक चौक किंवा साखर पेठेच्या बाजूला ज्यांच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, त्यांना एचडी ६०० किंवा डीटी ८८० यांचा काही उपयोग नाही. पहिला उघड्या पाठीचा (म्हणजे कानावरच्या वाटीची मागची बाजू जाळीची, बाहेरचा आवाज आत येऊ देणारी) आणि दुसरा अर्धउघड्या पाठीचा, त्यामुळे मागाची खटखट गाण्यात थेट मिसळते आणि माणूस नकळत आवाज वाढवत जातो. तेथे बायरडायनामिकचाच बंद पाठीचा डीटी ७७० घ्यावा, आणि रिसिव्हरवर लावायचा असेल तर त्याची २५० ओहमची आवृत्ती घ्यावी. माझ्या ओळखीचे एक कारखानदार आधी उघड्या पाठीचा घेऊन पस्तावले होते. हा मुद्दा मूळ लेखात राहून गेला होता. तो आपल्याला सुचला असता तर मी मनापासून आभार मानले असते, पण त्यासाठी येथे राहावे लागते.

‘पडदा बाजूला झाला’ याविषयी एवढेच विचारतो, की दोन्ही जॅकवरचा आवाज आपण मोजून सारखा केला होता का? एकच वाद्यवृंद एक डेसिबल मोठा वाजला तरी तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘स्वच्छ’ वाटतो. ‘कानाच्या भरवशावर लिहिणारे’ हा शब्दप्रयोग आपण माझ्यासाठी केला आहे. पडदा कशाने मोजला, ते मात्र सांगितलेले नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. फोन हा माझ्या लेखाचा विषय नव्हता. बॅलन्स्ड केबलसाठी जुन्या रिसिव्हरला भोकच नसते. अलीकडच्या काही रिसिव्हरांत हेडफोनसाठी रेझिस्टरऐवजी वेगळी छोटी चिप असते आणि ती कधी कधी कमी व्होल्टेज देते, हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण माझ्या लेखाच्या शीर्षकातच ‘जुन्या’ हा शब्द होता.

आपण कधी सोलापूरला आलात तर जरूर घरी यावे. ऐकायला काय मिळते तेही पाहता येईल. येताना आपला ॲम्प आणावा. रिसिव्हर, दोन्ही हेडफोन आणि मल्टिमीटर माझ्याकडे आहेत. आवाज व्होल्टेज मोजून सारखा केला जाईल आणि कोणता जॅक लावला आहे ते ऐकणाऱ्याला सांगितले जाणार नाही, एवढीच अट आहे. ती मलाही लागू राहील. शक्यतो मे महिना टाळावा, दुपारी पंखा बंद ठेवून बसवत नाही आणि उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पंखा ऐकू येतो.

आपला,
काका