प्रकाश काचेबाहेर येतच नाही, मग शुगर मोजणार कशी?

‘काचेच्या धाग्यांचं बनियन’ हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आलाय. त्याचं म्हणणं असं: ऑप्टिकल फायबर विणलेलं बनियन घातलं की सुई न टोचता शुगर आणि बीपी कळतं, हार्ट अटॅक आधीच कळतो, रेडिएशन शून्य, आणि डॉक्टर हे लपवून ठेवतात. शेवटी सल्ला: बनियन येईपर्यंत हिरव्या दिव्याचं घड्याळ घ्या, तेही शुगर दाखवतं. माझी मावशी इन्शुलिनवर आहे. तिने घड्याळ घेतलं आणि आठ दिवस बोट टोचणं बंद ठेवलं. मी प्रयोगशाळेत हेच धागे हाताळतो, म्हणून लिहितोय.

शुगरचा दावा सगळ्यात घातक. प्रयोगशाळेत असे धागे पट्ट्यात बसवून छातीला बांधतात. त्या पट्ट्यात बहुतेकदा ब्रॅग ग्रेटिंगचा फायबर असतो. केसाहून थोड्या जाड काचेच्या धाग्याच्या गाभ्यात अतिनील किरणांनी अतिशय बारीक, समान अंतरावरच्या रेघा उमटवलेल्या असतात. त्या एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतात. धागा ताणला की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परतणारी तरंगलांबी सरकते. आम्ही मोजतो ते एवढंच. प्रकाश काचेतून जातो, काचेतूनच परततो. अंगात शिरतच नाही. मग रक्तातली साखर त्याला दिसणार कुठून? प्रकाशाने साखर मोजणारा एव्हरसेन्स हा सेन्सर आहे, अमेरिकेत 2018 मध्ये त्याला मंजुरीही मिळाली. पण तो छोटी चीर देऊन कातडीखाली बसवावा लागतो. आणि घड्याळाचं म्हणाल तर 21 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेत औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने स्पष्ट बजावलं की, कातडी न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही. इन्शुलिन किती घ्यायचं हे ज्या आकड्यावर ठरतं, तो चुकला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

बीपीच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. मनगटावर धागा नीट टेकवला तर नाडीची लाट सुरेख उमटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर काम झालंय. पण ही लाट म्हणजे दाबाचा आकडा नव्हे. पारा किती मिलिमीटर, हे सांगायला ती लाट आधी दंडावरच्या पट्ट्याच्या बीपीशी जुळवून घ्यावी लागते.

हार्ट अटॅक? पट्टा मी स्वतः छातीला बांधून पाहिलाय. पडद्यावर श्वासाची मोठी, संथ लाट येते आणि तिच्या अंगावर ठोक्यांच्या बारीक लहरी. पाहत राहावं असं दृश्य! मग मी नुसता कुशीवर वळलो आणि ती रेघ पार विस्कटली. शिवाय ताण दहा लाखांत एक भाग वाढला तर तरंगलांबी साधारण 1.2 पिकोमीटरने (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) सरकते, आणि तापमान एका अंशाने वाढलं तर साधारण 10 पिकोमीटरने. म्हणजे धागा ताणला की तापला, हे त्या एका आकड्यावरून ओळखता येत नाही. शेजारी दुसरा सैल धागा ठेवून उष्णतेचा भाग वजा करावा लागतो. श्वास आणि ठोके मोजायला हे फार छान साधन आहे. पण रक्तवाहिनी तुंबल्याचं कळतं ते ईसीजीतल्या विजेच्या बदलांवरून आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनावरून. धाग्याला फक्त छातीची हालचाल कळते. छातीत कळ आली तर गाठायचं ते हॉस्पिटलच.

रेडिएशनबद्दल मेसेज जवळपास बरोबर आहे. एक्स-रेसारखं काही यात नाही, नुसता अवरक्त प्रकाश. उलट धातू नसल्यामुळे एमआरआयच्या खोलीत, जिथे ईसीजीच्या तारा तापून चटका बसू शकतो, तिथे रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवायला हा धागा खरोखर उपयोगाचा आहे. हे मेसेजमध्ये कुणीच लिहिलेलं नाही.

राहिलं लपवण्याचं. फायबरमध्ये अशी ग्रेटिंग 1978 मध्ये कॅनडात केन हिल आणि सहकाऱ्यांनी प्रथम दाखवली, आणि तेव्हापासून त्यावरचे शोधनिबंध कुणालाही वाचता येतील असे छापून येताहेत. बनियन घरोघरी पोचलं नाही याची कारणं साधी आहेत: काच फार दुमडली की मोडते, आणि परतलेला प्रकाश वाचणारं आमच्या टेबलावरचं यंत्र काही लाखांचं आहे. मावशी आता पुन्हा सकाळी बोट टोचते. घड्याळ वेळ बघायला वापरते.