गोळीचा चहा अन् पाच रोडगे

वजन उतरवायचं आहे? बसा राजेहो, सांगते. मी डॉक्टर नाही की जिमवाली नाही. पण मागच्या आठवड्यात अडीच दिवस एका वजन उतरवणाऱ्या पाहुण्याची उठबस केली आहे, आणि त्याआधी कधीकाळी अमरावतीहून बी.एस्सी. केमिस्ट्री करून आले आहे. ती पदवी इतकी वर्षं माझ्यासोबत चुलीपुढे बसून होती, आता पहिल्यांदा कामी आली. तेवढ्या अधिकारावर बोलते.

सुरुवात जाहीर करण्यापासून करा. खाणं कमी केल्यानं वजन उतरतं हा अडाणी समज आहे. ते चारचौघांत सांगितल्यानं उतरतं. आमचे नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, गाडीतून उतरले आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी अंगणातूनच म्हणाले, "वहिनी, आपण साखर सोडली बरं!" गोठ्यातल्या गाईनंही मान वर केली. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं बापू." मीही म्हटलं, बरं केलं भाऊजी. मला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवलं आहे ते.

साखर सोडली की दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. म्हणजे सोडायला हात लावायचा नाही, खायला लावायचा. रविवारी आमच्या शेतात रोडगे होते. (रोडगे म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी वजनाची काळजी करू नये, ते आधीच दुर्दैवी आहेत.) कणकेचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेले, राख झटकून फोडलेले, वाफ निघतेय, वरून तूप, बाजूला वांग्याची भाजी अन् वरण. भाऊजींनी पहिला रोडगा हातात घेतला आणि विचारलं, "याच्यात साखर नाही ना?" नाही म्हटलं. मग त्यांनी पाच खाल्ले. तुपाला "बस" म्हणायला तोंड रिकामं नव्हतं, म्हणून ते वाढणाऱ्यालाही कळलं नाही.

आता जरा हिशेब करू. चहातली दोन छोटे चमचे साखर म्हणजे 10 ग्रॅम, 40 कॅलरी. तुपाचा एक मोठा चमचा म्हणजे 120 ते 130. 100 ग्रॅम कणकेत 340 च्या आसपास, आणि आमच्याकडचा रोडगा 100 ग्रॅमवर काही भागत नाही. पदर सुटावेत म्हणून आत लावलेलं तेल वेगळंच. म्हणजे माणसानं 40 सोडल्या अन् दोन हजारांवर आत घेतल्या. याला आमच्याकडे डाएट म्हणतात.

गुळाचा चहा पिऊन वजन उतरवणारेही आहेत. त्यांना काही सांगू नका, गुळातही जवळपास साखरेइतक्याच कॅलरी असतात हे तर मुळीच नको.

शुगरफ्री बर्फी घ्या. खवा असतो, साखर नसते, किंमत दुप्पट असते.

आता चहाचं. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी तपश्चर्या चहातच आहे. जेवण झालं की बाजेवर आडवं व्हायचं, पोटावर हात फिरवायचा आणि आवाज द्यायचा, "वहिनी, चहा. पण माझा गोळीचा." गोळी म्हणजे साखरेऐवजी चहा गोड करणारी, बिनसाखरेची. ती आपल्या घरात असायला हवी असं नाही, यजमानाच्या घरात असली की पुरे. आमच्या घरात होती. सासूबाईंना शुगर आहे, अकरा वर्षं झाली. त्यांच्यासाठी मी तालुक्याहून डबी आणते, ती देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असते. भाऊजींना ती बरोबर सापडली. पाणी कुठल्या माठातलं प्यायचं ते त्यांना अजून विचारावं लागतं, पण डबी सापडली.

आणि गोळी कपात टाकायची नाही बरं का. भांड्यात, उकळतानाच टाकायची. "मुरते," म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, या गोळीत अस्पार्टेम नावाचं गोड रसायन आहे, खळखळ उकळलं की त्याची गोडी जाते, कपात ओतल्यावर टाका. ते हसले. "वहिनी, तुम्ही काय कंपनीत होता काय?" नाही भाऊजी, मी कॉलेजात होते. मग चहा त्यांच्या पद्धतीनं झाला आणि फिक्का लागला. मग आणखी दोन गोळ्या. तरी फिक्का. आणखी दोन. अडीच दिवसांत दिवसाला सहा चहा, दरवेळी वेगळं भांडं, आणि ते भांडं कोणी घासलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

या गोळीची कुळकथा तुम्हाला कोणी सांगितली नसेल, म्हणून सांगते. 1879 साली कॉन्स्टंटिन फाल्बर्ग नावाचा माणूस प्रयोगशाळेतून येऊन हात न धुता जेवायला बसला, पाव गोड लागला, आणि सॅकरीन सापडलं. 1965 साली जेम्स श्लॅटर नावाच्या केमिस्टनं कागद उचलायला बोट चाटलं, तर ते अस्पार्टेम निघालं, साखरेच्या 200 पट गोड. 1976 साली लंडनला आपल्या शशिकांत फडणीसांना वरिष्ठांनी सांगितलं, हे टेस्ट कर, म्हणजे तपास. त्यांनी ऐकलं टेस्ट कर, म्हणजे चाख. चाखलं! ते सुक्रालोज, साखरेच्या 600 पट गोड. तपासण्याला आणि चाखण्याला एकाच सुरात टेस्ट म्हणणाऱ्या मराठी तोंडांचं याहून मोठं योगदान मला तरी ठाऊक नाही. माझं पोरगं हात न धुता ताटावर बसलं की मी पाठीत धपाटा घालते. आता घालण्याआधी विचार करावा लागेल.

पण बघा, यातल्या एकालाही वजन उतरवायचं नव्हतं. एवढं ध्यानात असू द्या.

चहा झाला, आता थंड. दुपारच्या उन्हात मठ्ठा पिऊ नका. मठ्ठा गावठी आहे. घरची ताकाची चरवी समोर असताना म्हणायचं, "डायटवाला कोला भेटते का इथं?" आमच्या गावच्या दुकानात दहा-वीस रुपयांच्या गोड बाटल्या भेटतात. बिनसाखरेचं काही भेटत नाही, कारण इथे बिनसाखरेचं कोणाला परवडत नाही. माणूस कापूस वेचणीहून येतो तेव्हा त्याला साखरच हवी असते. मग काय करायचं? यजमानाच्या पोराला पाठवायचं. "जा बे, तालुक्याहून दोन डबे घेऊन ये. डायटवाला आणजो, साधा नाही." तालुका 14 किलोमीटर. 14 जाणं, 14 येणं. रस्त्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. पोरगं दहावीत आहे, पुस्तक उघडून बसलं होतं, ते माझ्याकडे बघतं, मी यांच्याकडे बघते, हे आभाळाकडे बघतात. जवाईमाणूस. घराचा मान. पोरगं गेलं. पेट्रोल आमचं, डब्यांचे पैसे आमचे, आणि डबा थंड राहावा म्हणून फ्रीज रिकामा करायचा तर लाइन गेलेली. कापूस झाडाला लोंबत होता, वेचायला बाई मिळत नाही, कापसाच्या भावाचं तर बोलायलाच नको, आणि मी ओल्या गोणपाटात डाएट कोला गुंडाळून माठाला टेकवून ठेवत होते. बी.एस्सी.

मी पुन्हा उपदेशाकडे येते. रागावले नाही मी.

तर डाएट कोला. त्या डब्याची काही चूक नाही. साध्या 300 मिलीच्या कोल्यात 32 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. रोज तो पिणाऱ्यानं त्याच्या जागी डाएटवाला घेतला तर वजन थोडं उतरतं, माणसांवरच्या चाचण्यांत तसं दिसलंही आहे. थोडं म्हणजे सरासरी किलोभराच्या आसपास. पण ज्याच्या जागी घ्यायचा ते आधी पीत असावं लागतं! आमचे भाऊजी जन्मात कोला पीत नव्हते. ते ताक पीत होते, पाणी पीत होते, आणि कपभर चहा. आता ताक गेलं, कोला आला. वाचलं काय? काही नाही. उलट डबा रिकामा झाला की म्हणतात, "हा झिरो आहे," आणि हात आपोआप आलुबोंड्याकडे जातो. हाच तर खरा गुण आहे त्या डब्याचा. पोट सांगेल ते सांगेल, मनाला सुट्टी मिळते. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू अन् तळलेले पापड खाऊन माणूस संध्याकाळी म्हणतो ना, आज दिवसभर उपाशी आहे, तसंच हे.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2023 मध्ये सांगून टाकलं आहे की वजन आटोक्यात ठेवायला अशा बिनसाखरी गोड पदार्थांवर भिस्त ठेवू नका, लांब पल्ल्यात चरबी कमी व्हायला त्यांचा फायदा दिसत नाही. वर्षानुवर्षं लोकांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासांत तर गोळीवाले जास्त जाड निघतात. आता गोळीनं जाड झाले की जाड होते म्हणून गोळीवर आले, हा गुंता त्यात नीट सुटत नाही. जगाचं मला माहीत नाही, आमच्या बाजेवरच्याचं मी सांगू शकते. आणि हो, ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही. म्हणजे सासूबाईंना लागू नाही, भाऊजींना आहे. डबी उलट्या हातात गेली.

हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "हाव वहिनी, मीही वाचलं, याच्यानं कॅन्सर होते म्हणते." आणि पिचकारी मारायला उठले. तोंडात खर्रा होता. राजेहो, खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घासून घासून ओला केलेला. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं अस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' म्हटलं, बरोबर आहे. त्याच यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. आणि त्याच वेळी दुसऱ्या समितीनं सांगितलं की दिवसाला वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा ठीक आहे. ती ओलांडायला 70 किलोच्या माणसाला रोज 9 ते 14 डबे प्यावे लागतील. आणि सुपारी? तंबाखू? ती पहिल्या गटात आहे, जिथे 'कदाचित' हा शब्दच नाही. आमच्या भिंतीच्या कडेला ती लाल रांगोळी अजून आहे. मी धुतली नाही. मुद्दाम ठेवली आहे.

आणखी एक उपाय राहिला, शेतात गाडीनं जा.

दोनशे पावलं आहे हो घरापासून! दोनशे! गाडी काढली, एसी लावला, धुऱ्यापर्यंत नेली, चाक चिखलात फसलं, ते काढायला चार माणसं वेचणीवरून उठवली. त्या चौघांच्या आणि मागून डोक्यावर टोपलं घेऊन पायी आलेल्या माझ्या कॅलरी जळाल्या. तुमच्या नाही.

आता सरळच बोलते. भाऊजी, तुम्ही हे वाचाल, ननंदबाई दाखवतीलच, दाखवू द्या. तुमच्या चहातल्या दोन चमचे साखरेनं तुमचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पाच रोडग्यांनी, बाजेनं आणि गाडीनं. तुम्हाला वजन उतरवायचं नाही, तुम्हाला वजन उतरवणारा माणूस म्हणून वाढून घ्यायचं आहे. घ्या. पण त्यासाठी दुसऱ्याचं घर कामाला लावू नका. साखरेचा चहा प्या, दोन चमचे घाला, तीन घाला, पण भांडं स्वतः ठेवा आणि स्वतः घासा, दिवसाला सहा होणार नाहीत याची मी हमी देते. पोराला दहावी आहे. त्याला पुन्हा डबे आणायला पाठवलं तर मी मानपान बघणार नाही, यांच्या समोरच सांगेन.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी सासूबाईंचा चहा केला, फळीवर हात घातला, डबी हलवली. आवाज नाही. चहा तर ओतलेला. मी तशीच उभी राहिले तर त्या म्हणाल्या, "राहू दे वं माय, मले फिक्का चालते." आणि प्यायल्या. सत्तर वर्षांची बाई, चाळीस किलोची, सकाळी कापूस वेचून आलेली. जावयाबद्दल एक शब्द नाही बोलल्या. मी बोलते आहे.

पुढच्या महिन्यात भंडारा आहे, तुम्ही येणारच. शंभर गोळ्यांची डबी घेऊन या, आईंच्या हातात द्या. आणि गाडी फाट्यावर ठेवून या. तीन किलोमीटर आहे, सावली आहे, मध्ये हातपंपही आहे.