पाहुणे आपले, पैसा कुणाचा?

रविवार, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीत धो धो पाऊस. टपरीसमोरून चोर्ला घाटाकडं गाड्यांची रांग, गाडीगाडीत वेगळं गाणं. त्यावरूनच पेटलं.

"वज्रपोहा धबधबा बघायला येतात आणि बाटल्या आम्हाला ठेवून जातात," मास्तर म्हणाले. "चहा-भजी सोडली तर गावात काय राहतं सांगा?"

पंचायतीचे मेंबर पांढरी पँट सावरत उठले. "म्हणूनच सांगायलोय, मोठा रिसॉर्ट येऊ दे! स्विमिंग पूल, डीजे, कमान! बारापेडेच्या गुहेत लाईट सोडूया, वटवाघळं दाखवूया. शंभर पोरांना नोकरी!"

"कसली? आपल्याच रानात वॉचमनची?" गवळ्यांचा बाळू बोलला. एरवी तो तोंड उघडत नाही. मधासाठी चढलेल्या अस्वलाच्या नखांचे ओरखडे त्यानं मला खोडावर दाखवले होते. आतलं लाकूड अजून ओलं होतं. असला वाटाड्या पगार देऊन मिळत नाही.

मास्तर म्हणाले, "कोकणात वेळासला जाऊन आलोय. कासवांच्या हंगामात माणसं गावातल्याच घरांत उतरतात, तिथंच जेवतात. आपण दहा घरांपासून सुरू करूया. पाळी ग्रामसभेनं लावायची, दर एकच, थोडी रक्कम गावच्या फंडात. काजव्यांच्या दिवसांत रात्री वीसच माणसं, टॉर्च बंद. गुहेकडं कुणालाच न्यायचं नाही. रॉटनचं वटवाघूळ कैक वर्षं जगात फक्त तिथंच माहीत होतं, मेंबर, तिथं लाईट सोडता व्हय?"

"फॉरेस्टवाले सोडतील?" पम्याची शंका.

"भीमगड अभयारण्य 2011 पासून आहे. राहणं त्याच्या बाहेर, आपल्या घरात. आत जायचं तर त्यांची परवानगी काढून, बाळूबरोबर. आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात रान राखायचा हक्क गावालाच दिलाय. त्याचा अर्ज कुठं अडकलाय ते मेंबरांना विचार."

"माझ्याकडं बघू नका! तुम्ही जमिनीचा जुना राग काढायलाय."

"रस्त्याकडेचं भाताचं शेत बाहेरच्याला कुणी दाखवलं मग?"

मेंबर चहात बघत बसले. मी मास्तरांच्या बाजूचा, तिथंही तसंच बोललो. शेत एकदा गेलं की आपली पोरं त्याच बांधावर पार्किंगच्या पावत्या फाडतात.

"बोर्ड कुठल्या भाषेत, मराठी का कन्नड?" पम्यानं काडी टाकली. झालं, पाच मिनिटं कुणाचंच कुणाला ऐकू येईना.

"दोन्हीत लावा," बाळू म्हणाला, "अस्वलाला कुठली येते बघू."

हशा थांबला तसे मेंबर हळूच म्हणाले, "दहात माझंही घर धरा की."

"धरतो. पण तुमचं घोरणं ऐकून पाहुणा अस्वल आलं म्हणून पळाला तर पैसे परत तुम्ही द्यायचे!"

मेंबरच सगळ्यात मोठ्यानं हसले. भज्यांच्या कागदावर सात घरं लिहून झाली होती, मास्तरांनी आठवं लिहिलं. कागद बाळूनं खिशात ठेवला.